जुना स्टिरिओ रिसीव्हर: दुरुस्तीचा क्रम आणि जोडीला कोणते स्पीकर

जुनं घर उतरवायला घेतलं की माळ्यावरून चादरीत गुंडाळलेला एखादा स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, निघतो. ऐंशीच्या दशकात आखातातून परतलेल्या काकांनी आणलेला पायोनियर, आकाई नाहीतर सान्सुई. आपल्याकडं सान्सुई म्हटलं की टीव्हीच आठवतो, पण मूळची जपानी सान्सुई ही ॲम्प्लिफायरवाली कंपनी. सेट लावून बघितला तर एकच बाजू वाजते, व्हॉल्यूम फिरवला की खरखर. मग 'गेलाय' म्हणून तो भंगारात वजनावर जातो. माझं म्हणणं असं की यातले बरेच सेट मेलेले नसतात, मळलेले असतात. गडबड न करता क्रमानं गेलात तर थोडक्या पार्टमध्ये काम भागतं, आणि वाचलेला पैसा स्पीकरवर घालता येतो.

हे सेट मुळात इतके भक्कम का? सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांमध्ये वॅटची स्पर्धा लागली होती. पायोनियरचा एसएक्स-१२५० प्रत्येक चॅनलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, १६० वॅट द्यायचा, १९७८ चा एसएक्स-१९८० तर २७० वॅट. त्याच काळात, १९७४ साली, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं वॅट कसे मोजून छापायचे याचा नियम घातला. त्यामुळं त्यानंतर अमेरिकेत विकलेल्या सेटचे छापलेले वॅट भरवशाचे असतात. आजच्या खोक्यावर लिहिलेल्या हजारो फुगवलेल्या 'पीएमपीओ' वॅटशी त्यांची तुलना करू नका. मॅरँट्झच्या २२ नं सुरू होणाऱ्या मॉडेलमध्ये तर शेवटचे दोन आकडे म्हणजेच वॅट: २२३० ला ३०, २२७० ला ७०.

घेण्याआधी काय बघायचं

सगळ्यात आधी मागची पाटी वाचा. निर्यातीसाठी बनवलेल्या सेटला मागं व्होल्टेज सिलेक्टर असतो: ११०, १२०, २२०, २४०. तो २४० वर ठेवा. आपल्या लाइनला रात्री उशिरा २४० च्या वरही व्होल्टेज जातं, आणि २२० वर ठेवलेला सेट विनाकारण तापतो. फक्त १२० व्होल्टचा अमेरिकी सेट असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पाटीवर लिहिलेल्या वीजवापराच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा, खरा तांब्याच्या वाइंडिंगचा घ्या. प्रवासात वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथं चालत नाहीत. आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरात मोटर आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंग करणारे आहेत, त्यांना २३० ते १२० असं सांगून बांधून घेता येतो. पाटीवर नुसतं ६० हर्ट्झ असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापणार, हे धरून चला.

जपानच्या देशी बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो आणि त्याची एफएमची पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. त्यावर ९४.३ चं टोमॅटो एफएमही लागणार नाही आणि १०२.७ ची आकाशवाणीही नाही. स्वस्तात मिळतोय म्हणून असा 'जपान पीस' घेणाऱ्यानं ट्यूनर विसरायचा आणि नुसता ॲम्प्लिफायर घेतोय असं समजायचं.

दुसरं, पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीपासून चिखलीपर्यंत कितीतरी घरांत पाणी होतं, आणि त्यातल्या वस्तू धुऊनपुसून अजून बाजारात येतात. वरचं झाकण काढायला लावा. ट्रान्सफॉर्मरच्या खाचेत, स्विचच्या मागं, स्क्रूच्या डोक्यात पिवळसर गाळाची रेघ दिसली तर हात जोडून बाहेर पडा. वाइंडिंगमध्ये शिरलेली ओल वरून दिसत नाही. नुसती धूळ, कोळ्याची जाळी, अगदी वाळलेली पालसुद्धा चालेल. झुरळांची घाण मात्र तांब्याचे ट्रॅक खाते, तेव्हा बोर्ड उजेडात धरून बघा.

तिसरं, हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा) मोठे ट्रान्झिस्टर आहेत की एसटीके लिहिलेली काळी चपटी पट्टी, म्हणजे सगळा ॲम्प्लिफायर एकाच तुकड्यात, ते पाहा. एसटीके वाईट वाजते असं नाही, पण ती जळाली तर अस्सल मिळणं कठीण. बाजारात नकली ढिगानं आहेत. सुट्या ट्रान्झिस्टरचा सेट दुरुस्त करणं कधीही सोपं.

वीज न लावता पहिलं काम

प्लग काढलेला सेटही चावतो, हे डोक्यात पक्कं बसवा. आतले दोन मोठे फिल्टर कंडेन्सर तासन्‌तास चार्ज धरून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी उडवायची जुनी सवय सोडा. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना इन्सुलेशन असलेल्या वायरी आणि क्लिपा लावा आणि कंडेन्सरच्या दोन टोकांवर मिनिटभर धरा. मग मीटर लावून एक-दोन व्होल्टच्या खाली आलंय का बघा. दोन्ही कंडेन्सरला हेच.

त्यानंतर फोटो. प्रत्येक बोर्डाचे, प्रत्येक वायरच्या रंगाचे, डायलच्या दोरीचे तर चारही बाजूंनी. सेटच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअलही आत्ताच शोधून ठेवा. प्रसिद्ध कंपन्यांच्या बहुतेक मॉडेलची मॅन्युअल इंटरनेटवर मिळतात, आणि त्यातली व्होल्टेजची आकडेवारी पुढं प्रत्येक पायरीला लागते.

सफाईला रंगकामाचा मऊ ब्रश, ब्लोअर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढं पुरे. पुढची ॲल्युमिनियमची पाटी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं पुसा. आता सगळ्यात महत्त्वाची सूचना: डायलच्या काचेला आतल्या बाजूनं अल्कोहोल, कॉलिन, काहीही लावू नका. आकडे आतून छापलेले असतात आणि एका हातासरशी ८८ ते १०८ सगळं फडक्यावर येतं. तिथं कोरडा मऊ ब्रशच.

नॉब हरवला असेल तर उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमचा हुबेहूब नॉब कातून मिळतो. दुसऱ्या गावच्या छंदिष्टांना ही सोय इतकी सहज मिळत नाही. नमुन्याला शेजारचा नॉब न्या आणि दांड्याचा व्यास व्हर्नियरनं मोजून घ्या.

व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, बॅलन्स आणि सगळे स्विच यांच्यात काँटॅक्ट क्लीनर मारा, तोही इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा. गंज सोडवायचा नेहमीचा डब्ल्यूडी-४० नको. कंट्रोलच्या धातूच्या आवरणाला पायांजवळ फट असते, नळी तिथं घालून थोडंसंच फवारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. पुशबटनंही तितक्याच वेळा दाबा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धी खरखर इथंच जाते. ट्यूनिंगच्या पत्र्यांच्या गँगवर, म्हणजे स्टेशन बदलताना फिरणाऱ्या पत्र्यांच्या जुडग्यावर, मात्र काही फवारू नका.

पहिल्यांदा वीज लावताना

सेट थेट सॉकेटला लावायचा नाही. सिरीज बोर्ड बनवा: १०० वॅटचा तारेचा जुना पिवळा बल्ब फेज वायरमध्ये सिरीजला, आणि पुढं सॉकेट. एलईडी बल्ब चालत नाही. १२० व्होल्टचा सेट असेल तर बल्ब स्टेपडाउनच्या आधी, २३० च्या बाजूला. स्पीकर जोडू नका, व्हॉल्यूम शून्यावर.

स्विच दाबल्यावर बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. कंडेन्सर चार्ज होताना तेवढं होणारच. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे: आउटपुट ट्रान्झिस्टर, ब्रिजचा डायोड किंवा फिल्टर कंडेन्सर. ताबडतोब बंद करा. बल्ब मंद असताना सेटला पूर्ण व्होल्टेज मिळत नसल्यानं रिलेची (स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) टिकटिक ऐकू आली नाही तरी घाबरू नका.

सगळं शांत असेल तर अर्ध्या तासानं बल्बशिवाय लावा. काही सेकंदांत रिले 'टक्' करून बसायला हवा. आता मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक स्पीकर टर्मिनलच्या लाल-काळ्यात मोजा. ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालतं. १०० च्या वर असेल तर चांगला स्पीकर जोडायचा नाही. रिले बसतच नसेल तर तो बिघडलाय असं समजून काढून टाकू नका. बहुतेकदा डीसी जास्त असल्यामुळंच तो स्पीकर वाचवत असतो.

'बंद' सेट खरंच बंद आहे का

इथं थांबून विचार करा, कारण पैसे वाचतात ते इथंच. डायल पेटतो, रिले बसतो, आवाज नाही. टेप मॉनिटरचं बटन दाबलेलं आहे का? ते आत असेल तर सेट टेपडेकच्या आवाजाची वाट बघत बसतो आणि बाकी सगळं मुकं. दुसरं, मागं 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशा जॅकच्या जोड्या असतील तर त्यांना जोडणारे यू आकाराचे धातूचे तुकडे आहेत का? माळ्यावरून खाली येईपर्यंत ते हरवतात. साध्या आरसीए वायरीनं जोडले तरी चालतं. तिसरं, स्पीकर सिलेक्टर 'ऑफ' किंवा 'बी' वर तर नाही ना?

एक चॅनल हळू आवाजात गायब आणि आवाज वाढवला की परत येतो, हे रिलेच्या काळवंडलेल्या काँटॅक्टचं लक्षण. रिलेचं कव्हर निघत असेल तर जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून काँटॅक्टमध्ये धरा, काँटॅक्ट हलक्या हातानं मिटवा आणि पट्टी ओढून घ्या. पॉलिश पेपर नको, वरचा चांदीचा मुलामा जातो. तेवढ्यानं भागलं नाही तर त्याच कॉइल व्होल्टेजचा नवा रिले टाका. बरेचदा तो २४ व्होल्टचा असतो.

पार्ट बदलायचे ते कोणते

'सगळे कंडेन्सर बदलून टाका' हा सल्ला मला पटत नाही. एका सेटमध्ये सोल्डरिंगचे शेकडो डाग द्यायचे म्हटलं की नव्या हाताकडून एखादा ट्रॅक उपटणार, एखादा कंडेन्सर उलटा बसणार, आणि मग चूक शोधायला जागाच जागा. पॉवर सप्लायच्या बोर्डापासून सुरुवात करा, कारण तिथले पार्ट सगळ्यात जास्त तापतात. एक बोर्ड संपला की परत सिरीज बल्बवर लावून बघा, मगच दुसरा.

कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा. निचिकॉन, पॅनासोनिक, रुबीकॉन हे जपानी चांगले. केरळच्या केल्ट्रॉनचेही मिळतात. हे आपल्याकडं एका दुकानात मिळतील असं नाही. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणी जाणार असेल तर यादी हातात द्या. भरमसाट स्वस्त मिळणारा मोठा फिल्टर कंडेन्सर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर यांच्याबाबतीत जपून. नवं लेबल लावलेला जुना किंवा लहान माल सर्रास विकला जातो. मूळचे फिल्टर कंडेन्सर फुगले नसतील, गळले नसतील आणि सेट घूं करत नसेल तर त्यांना हात लावायची घाई नाही.

कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला गोंद दिसेल. कारखान्यात पार्ट हलू नये म्हणून लावलेला हा गोंद वयाबरोबर वीज वाहू लागतो आणि शेजारच्या पार्टचे पाय खातो. खरवडून काढा, ज्यांचे पाय हिरवे-काळे पडलेत ते डायोड आणि रेझिस्टर बदला. मागून सतत सळसळ किंवा तळल्यासारखा आवाज येत असेल, व्हॉल्यूम शून्यावरही, तर छोटे ट्रान्झिस्टर बघा. जुना २एससी४५८ यासाठी बदनाम आहे. त्याजागी केएससी१८४५ चालतो, पण दोघांच्या पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघूनच बसवा.

शेवटी बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट. सेट दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. इमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला आणा. रेझिस्टर ०.५ ओहमचा आणि वाचन १० मिलिव्होल्ट असेल तर करंट २० मिलिॲम्पिअर. जुने उघडे प्रीसेट फिरवताना क्षणभर संपर्क तुटला तर काही सर्किटमध्ये बायस एकदम टोकाला जातो आणि ट्रान्झिस्टर उडतात. म्हणून आधी सेट बंद करून ते प्रीसेट नवे, बंदिस्त बसवा, मग बायस लावा. मीटरची टोकं क्लिपची हवीत. हातानं धरलेली पिन घसरली की खेळ खलास.

ट्यूनरबद्दल एवढंच: आयएफ कॉइलचे रंगीत गाभे फिरवू नका. सिग्नल जनरेटरशिवाय ते परत जागेवर येत नाहीत. स्टेशन नीट लागत नसेल तर आधी अँटेना बघा. ३०० ओहमच्या चपट्या वायरचा टी आकाराचा डायपोल, एकूण लांबी साधारण दीड मीटर, खिडकीजवळ आडवा लावला तर पुरतो. अमेरिकी सेटवर आपल्या स्टेशनांचा ट्रेबल जरा दबलेला वाटेल. त्यांचं डीएम्फसिस (स्टेशननं वाढवून पाठवलेला ट्रेबल परत उतरवणं) ७५ मायक्रोसेकंदांचं, आपलं ५० चं. ट्रेबल थोडा वाढवला की झालं. डायलचे दिवे गेले असतील तर त्याच व्होल्टचे दिवे टाका. एलईडीनं काम होतं, पण मॅरँट्झची निळी पाटी मग दवाखान्यासारखी दिसते.

जोडीला स्पीकर

इथं बहुतेक लोक वॅटची जुळवाजुळव करत बसतात: रिसीव्हर ४० चा तर स्पीकर ४० चाच का? स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती सोसेल, एवढंच. आवाज किती मोठा येईल ते ठरतं सेन्सिटिव्हिटीवर: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ९२ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट दिले की जेवढा आवाज येतो, तेवढ्यासाठी ८६ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतात. १५ ते ४० वॅटच्या रिसीव्हरला ८९ च्या पुढचे स्पीकर बघा. ६० च्या वरचा असेल तर ८६-८७ वालेही सुखानं वाजतील. आणि ३० ऐवजी ४५ वॅटचा रिसीव्हर घ्यायला जास्त पैसे मोजणं मला तरी वाया वाटतं, फरक दोन डेसिबलही नाही.

छोट्या रिसीव्हरला मोठा स्पीकर जोडला तर स्पीकर सुरक्षित, हाही गैरसमज. ॲम्प्लिफायरची दमछाक झाली की लाटेची डोकी कापली जातात आणि त्यातून निघणारी जास्तीची ऊर्जा ट्वीटरवर, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर, जाते. आवाज कर्कश होऊ लागला की व्हॉल्यूम मागं घ्या.

मग ओहम. मागच्या पाटीवर '८ ओहम', '४ ते १६ ओहम' असं लिहिलेलं असतं, ते पाळा. अनेक सेटमध्ये ए आणि बी दोन्ही जोड्या एकदम चालू केल्या की त्या समांतर जातात: ८ आणि ८ चे ४ होतात, ४ आणि ४ चे २. दोन ओहमवर जुना रिसीव्हर तापून मरतो. जुन्या बिनलेबलच्या स्पीकरचे ओहम मीटरनं ओळखता येतात. ८ ओहमवाला साडेपाच ते सातच्या आसपास दाखवतो, ४ वाला तीन-साडेतीन.

जुनेच स्पीकर घ्यायचे असतील तर जाळी काढून कोनच्या कडेचं सराउंड बोटानं हलकेच दाबा. फोमचं असेल तर आपल्या दमट हवेत ते भुगा होऊन हातात येतं. रबर किंवा कापडाचं टिकतं. फोम बदलता येतो, त्यासाठी स्पीकर टाकू नका. डॉल्बीच्या भिंती दुरुस्त करणारे कारागीर कोल्हापुरात आहेत आणि कॉइल सेंटरला बसवण्यात त्यांचा हात धरणारा मिळणार नाही. फक्त त्यांना बजावून सांगा की मूळचा कोन ठेवायचाय, फक्त सराउंड बदलायचंय. नाहीतर हौसेनं जाड कागदाचा डीजे कोन बसवून देतात. तो मोठ्यानं वाजतो, पण आत गाणं राहत नाही. त्याच कारणानं बारा इंची पीए स्पीकर लाकडी पेटीत घालून घरात लावायचा मोह टाळा. क्रॉसओव्हरमधले (आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटून देणारं सर्किट) नॉनपोलर कंडेन्सर मात्र बदलाच, काम स्वस्त आहे आणि ट्रेबल लगेच मोकळा होतो.

नवे घ्यायचे असतील तर साडेसहा इंची वूफरचे, ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर दहा बाय बाराच्या खोलीला भरपूर. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं, ट्वीटर कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण. जुन्या वाड्यातली कौलारू खोली मातीच्या भिंतींमुळं मुळातच बरी वाजते. स्लॅब आणि फरशीच्या फ्लॅटमध्ये आवाज घुमतो, तिथं समोर जमिनीवर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीवर धनगरी घोंगडं टांगा. घोंगडं घुमणं बऱ्यापैकी कमी करतं आणि दिसतंही झकास.

वायर म्हणजे घरच्या वायरिंगला वापरतात ती दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर, बस्स. टोक सेंटिमीटरभर सोला आणि पीळ घट्ट द्या. सुटलेली एक बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. लाल-काळं दोन्हीकडं सारखंच जोडा. एक स्पीकर उलटा लागला की बास नाहीसा होतो आणि गाणारा खोलीभर पसरल्यासारखा वाटतो.

मोबाइल किंवा टीव्हीचा आवाज 'ऑक्स'ला द्या. 'फोनो' फक्त रेकॉर्ड प्लेअरला, आणि त्याची अर्थिंगची बारीक वायर मागच्या 'जीएनडी' स्क्रूला लावायला विसरू नका, नाहीतर घूं आवाज जाणार नाही.

स्पीकर पारखायला ढोल-ताशा लावू नका, त्यात सगळेच स्पीकर चांगले वाटतात. उस्ताद अल्लादिया खाँ जिथं दरबारी गायक होते त्या गावात आपण राहतो, तेव्हा ख्याल लावा. तंबोऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकू येतात का आणि खर्जात गळा फुगतो का, एवढं ऐकलं तरी दुकानदाराच्या निम्म्या गप्पा ऐकायची गरज उरत नाही. रात्री हळू ऐकताना 'लाउडनेस'चं बटन दाबा. ते हळू आवाजात बास भरून काढायलाच दिलंय, मोठ्या आवाजात बंद ठेवा.

रिसीव्हरच्या डोक्यावर किमान चार बोटं मोकळी जागा हवी. वर रेकॉर्ड प्लेअर, फुलदाणी, क्रोशाचा रुमाल काही नको. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा, म्हणजे आतल्या उष्णतेनं ओल निघून जाते आणि स्विच पुन्हा काळे पडत नाहीत. वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग आणि बाहेरची अँटेना दोन्ही काढून ठेवा.